हा एक्सल किती किलो भरेल? वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

या वेळी टपालात वजनाचेच प्रश्न जास्त आले. जुने लष्करी ट्रक उघडून पुन्हा जोडण्याचा नाद बऱ्याच जणांना लागलेला दिसतो. नाद चांगला आहे, पण माल जड आहे. जमतील तेवढे प्रश्न घेतो.

प्रश्न : मी अमेरिकी बनावटीचा जुना लष्करी ट्रक, एम35ए2, उघडायला घेतला आहे. इंजिन, गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस (गिअरबॉक्सची ताकद पुढच्या-मागच्या एक्सलकडे वाटणारी पेटी) आणि तिन्ही एक्सल यांची वजनं हवी आहेत. चौकशी केली तर जो तो वेगळा आकडा सांगतो. एकाच इंजिनाची तीन वजनं मिळाली आणि त्यांत दीडशे किलोंचा फरक. खरं कोणाचं मानू?

बहुधा तिघांचंही. ‘इंजिन’ म्हटल्यावर एकाच्या डोळ्यांपुढे ब्लॉक, हेड आणि ऑइल पॅन एवढंच असतं. दुसरा फ्लायव्हील, क्लच हाउसिंग, स्टार्टर, एअर कॉम्प्रेसर, एक्झॉस्ट मॅनिफोल्ड धरून बोलतो. तिसऱ्याने कधीतरी ते क्रेनने उतरवलेलं असतं तेलापाण्यासकट, आणि त्याला काट्यावरचा आकडा आठवत असतो. शिवाय या मल्टिफ्युएल, म्हणजे निरनिराळ्या इंधनांवर चालणाऱ्या, इंजिनात टर्बो नसलेलं एलडी आणि टर्बो असलेलं एलडीटी अशी दोन्ही पाहायला मिळतात. म्हणून कोणी आकडा सांगितला की लगेच वहीत उतरवू नका. आधी विचारा, त्याला काय काय लागलेलं होतं, आणि ओलं की कोरडं?

ओल्या-कोरड्याचा फरक लोक फार हलक्यात घेतात. इंजिनात 20 लिटर तेल असेल तर तेच साडेसतरा किलो झालं. रेडिएटर आणि ब्लॉकमध्ये मिळून 40 लिटर कूलंट म्हणजे 40 किलोंहून थोडं वर. डिझेलच्या टाकीचा हिशेब तर मोठाच. तुमच्या ट्रकची टाकी 50 अमेरिकी गॅलनची, म्हणजे 189 लिटर. लिटरला 0.84 किलो धरलं तर काठोकाठ भरलेल्या टाकीत जवळजवळ 160 किलो डिझेल. टाकी काढायची असेल तर आधी रिकामी करा, हे सांगायला लागू नये, पण सांगावं लागतं.

आता आकडे कुठे शोधायचे ते. पहिली जागा केबिनमधल्या धातूच्या पाट्या. बहुतेक अमेरिकी लष्करी ट्रकवर वाहतुकीची माहिती देणारी एक पाटी असते. तिच्यावर रिकाम्या गाडीचं वजन, भार धरून होणारं वजन आणि पुढच्या-मागच्या एक्सलवर येणारा भार लिहिलेला असतो. रंगाच्या पाच थरांखाली गेली असेल तर पॉलिश पेपरने नव्हे, रंग काढायच्या द्रावणाने हळू साफ करा. अक्षरं उथळ असतात.

दुसरी जागा सैन्याचं तांत्रिक पुस्तक. तुमच्या गाडीच्या पुस्तकांचा क्रमांक 9-2320-361 पासून सुरू होतो. त्यातला 2320 हा चाकांच्या ट्रकचा पुरवठा-वर्ग आहे. सुट्या भागांच्या 13 आकडी साठा-क्रमांकातही पहिले चार आकडे असाच वर्ग सांगतात. डिझेल इंजिन 2815, गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केस 2520, ब्रेक-स्टिअरिंग-एक्सल-चाकं 2530, टायर 2610. भागावर किंवा खोक्यावर हा क्रमांक सापडला तर निदान आपण कशाचं वजन शोधतोय एवढं तरी नक्की होतं. स्प्रिंगच्या पाट्याच्या खोक्यावर गिअरबॉक्सचा ‘2520’ असेल तर समजा कोणीतरी खोकं बदललंय.

खोक्यावर वजन छापलेलं असतं, पण ते खोक्यासकट आणि पौंडात. अमेरिकी लष्करी इंजिनं पुष्कळदा परत वापरायच्या पोलादी डब्यात बंद होऊन येतात, आणि तो डबाच चांगला जड असतो. मालवाहतुकीला हे वजन बरोबर आहे, चेन ब्लॉकला टांगायला नाही.

एवढं सगळं करून जो आकडा मिळेल तो नव्या, पूर्ण, कारखान्यातून आलेल्या भागाचा. तुमच्यासमोर आहे तो भाग तीन वेळा उघडलेला, कोणीतरी वेगळा स्टार्टर बसवलेला, आणि अंगावर चाळीस वर्षांचा चिखल-ग्रीसचा लेप चढलेला. म्हणून पुस्तकातला आकडा अंदाजाला घ्या आणि भाग हातात आला की स्वतः मोजा. क्रेनच्या हुकाला अडकवायचा डिजिटल काटा या नादात जॅकइतकाच गरजेचा आहे असं माझं ठाम मत आहे.

त्या काट्याचा खरा उपयोग वजन कळण्यापुरता नाही, तोही सांगतो. समजा गिअरबॉक्सपासून सुटं केलेलं इंजिन 700 किलोंच्या आसपास भरेल असा तुमचा हिशेब आहे. साखळी ताणायला लागलात. काटा 300, 500, 650 दाखवत गेला, 700 ला इंजिन हलायला हवं होतं. हललं नाही. काटा 780 वर. इथे थांबायचं. हत्ती गेला आणि शेपूट राहिलं असा प्रकार आहे. बेल हाउसिंगचा वरचा एखादा बोल्ट वायरिंगच्या मागे दडून बसलाय, नाहीतर इंजिन माउंटचं रबर चिकटलंय. हिशेब केलेला नसता तर तुम्ही आणखी चार झटके दिले असते आणि जे तुटायचं ते तुटलं असतं. वजनाचा अंदाज आधीच बांधून ठेवायचा तो यासाठी.

शेवटी ताळा. तुम्ही जमवलेली सगळी वजनं एका कागदावर मांडा आणि बेरीज करा. विंच नसलेला एम35ए2 रिकामा सुमारे 6 टन भरतो. सगळ्या भागांची बेरीज साडेसात टनांवर गेली तर कुठेतरी पौंडाचे किलो झालेत किंवा एक वस्तू दोनदा धरली गेली आहे.

प्रश्न : हा ‘अडीच टनी’ ट्रक आहे ना? मग रिकामा 6 टन कसा?

अडीच टन हे गाडीचं वजन नव्हे, तिने कच्च्या वाटेवर किती माल वाहावा त्याचं ठरलेलं माप आहे. पक्क्या रस्त्यावर तीच गाडी जास्त वाहते. आणि हे टनही अमेरिकी, 2000 पौंडांचे, म्हणजे 907 किलोंचे. ब्रिटिश टन 2240 पौंडांचा, 1016 किलो. जुन्या ब्रिटिश ट्रकच्या कागदावर टन दिसला तर तो हा. गॅलनचंही तसंच. अमेरिकी गॅलन 3.785 लिटर, ब्रिटिश 4.546. पौंड मात्र दोन्हीकडे एकच, 0.4536 किलो.

प्रश्न : ब्रेक ड्रम, पाटे, मागचा हौदा अशा भागांची वजनं कुठेच सापडत नाहीत. काढून पाठवायचे आहेत. न तोलता अंदाज बांधता येईल का?

येईल, आणि तोही बरा जवळचा. टेप, कॅलिपर आणि चार आकडे पुरतात. पोलाद एका घनसेंटिमीटरला 7.85 ग्रॅम, बीड सुमारे 7.2, ॲल्युमिनियम 2.7. पत्र्यासाठी सोपं सूत्र : एक मिलिमीटर जाडीचा एक चौरस मीटर पोलादी पत्रा 7.85 किलो. गोल सळईसाठी व्यासाचा मिलिमीटरमधला वर्ग भागिले 162, म्हणजे मीटरला किती किलो ते आलं. 40 मिमीचा दांडा : 1600 भागिले 162, मीटरला पावणेदहा किलोंपेक्षा थोडा जास्त.

ब्रेक ड्रम घेऊ. बाहेरचा व्यास 40 सेंमी, भिंत 1.6 सेंमी जाड, रुंदी 15 सेंमी. भिंतीच्या मधल्या रेषेचा व्यास 38.4, त्याचा परीघ साधारण 120.6 सेंमी. आता ती भिंत कापून सरळ केली अशी कल्पना करा : 120.6 गुणिले 1.6 गुणिले 15, जवळजवळ 2900 घनसेंमी. बिडाचा ड्रम, म्हणून 7.2 ने गुणलं की 21 किलो. पाठीमागची तबकडी, मधलं 20 सेंमीचं भोक वजा करून, 1.2 सेंमी जाड धरली तर आणखी 7 किलो. एकूण 28. कडेच्या पट्टीचे आणि बोल्टाच्या उंचवट्यांचे दोन किलो वर टाका आणि 30 लिहा.

पाट्यांचं गणित याहून सोपं. रुंदी 7.5 सेंमी, प्रत्येक पाटा 1 सेंमी जाड, दहा पाटे, सर्वांत लांब 120 आणि सर्वांत आखूड 30. लांबी सारखी उतरत जाते, म्हणून सरासरी 75 धरा. 10 गुणिले 75 गुणिले 7.5, म्हणजे 5625 घनसेंमी, वजन 44 किलो. मधला बोल्ट आणि पकडी धरून 46-47. जाडी मोजताना पाटा घासून साफ करा. गंजाच्या पापुद्र्यावर कॅलिपर लावला तर एका सेंटिमीटरचे सव्वा होतात, आणि चूक दहाही पाट्यांत शिरते.

हौद्याला मात्र पत्र्याच्या सूत्रावर विसंबू नका. साडेतीन मीटर बाय सव्वादोन मीटरचा, 3 मिमीचा सपाट तळ 185 किलो येईल. पण खालचे आडवे चॅनल, बाजूच्या फळ्यांचे खांब, मागचं फाळकं, बिजागऱ्या, वाकवलेल्या कडा हे सगळं मिळून तळापेक्षा जड भरतं. प्रत्येक तुकडा वेगळा मोजायला कंटाळा येत असेल तर सरळ काट्यावर न्या.

प्रश्न : गाडी वजनकाट्यावर नेली, भाग काढला, पुन्हा नेली आणि वजाबाकी केली तर?

जड भागाला चालेल. काटा 10 किलोंच्या टप्प्याने वाचत असेल तर प्रत्येक वाचनात 5 किलो इकडेतिकडे, वजाबाकीत 10. सातशे किलोंच्या इंजिनाला हे काहीच नाही, नव्वद किलोंच्या चाकाला ती अकरा टक्क्यांवरची चूक झाली. शिवाय भाग काढून दुसऱ्यांदा गाडी नेणार कशी, हा प्रश्न उरतोच. काढलेला भाग दुसऱ्या गाडीत घालून न्यायचा असेल तर दोन्ही वाचनं एकाच दिवशी घ्या, ड्रायव्हर दोन्ही वेळा आत किंवा दोन्ही वेळा बाहेर ठेवा, आणि मधे डिझेल भरू नका. पावसात भिजलेली ताडपत्री हौद्यात असेल तर ती पण उतरवा.

प्रश्न : माझ्याकडे क्रेनचा काटा नाही, घरचा वजनकाटा आहे, 150 किलोंपर्यंतचा. एक्सल तोलता येईल का?

येईल, तरफ करून. दोन मीटरहून थोडं लांब आणि 100 मिमी उंचीचं पोलादी चॅनल उभ्या बाजूवर घ्या. त्याचं एक टोक भक्कम ठोकळ्यावर ठेवलेल्या गोल सळईवर टेकवा, दुसरं टोक घरच्या काट्यावर. काट्यावर आधी जाड फळी ठेवा आणि फळीवर दुसरी सळई, म्हणजे भार नेमका कुठे टेकतोय ते कळेल. दोन्ही सळयांमधलं अंतर मोजून 200 सेंमी करा. चॅनल समपातळीत आहे ना ते पाहा. आता ठोकळ्याकडच्या सळईपासून 40 सेंमीवर खडूने रेघ मारा. भार तिथे यायचा.

भार नसताना काटा काय दाखवतो ते लिहा. फळी, सळई आणि चॅनलचं अर्धं वजन धरून समजा 15. मग भार रेघेवर आणा. काटा 95 दाखवू लागला तर फरक 80. अंतराचं प्रमाण 200 ला 40, म्हणजे पाचपट. भार 400 किलो. चाळीसच्या जागी रेघ एक सेंटिमीटर चुकली तर दहा किलोंची चूक होते, म्हणून ती रेघ नीट मारा. आणि भार चुकून काट्याच्या बाजूला सरकला तर काटा गेला, म्हणून चॅनलच्या त्या टोकाखाली, काट्याला लागून, एक लाकडी ठोकळा बोटभर फट ठेवून लावून ठेवा.

पूर्ण एक्सल यावर तोलू नका. तो लांब असतो, गोल असतो, लोळतो. एकेक टोक तोला : एक टोक तरफेवर, दुसरं तेवढ्याच उंचीच्या ठोकळ्यावर. मग बाजू बदला. दोन वाचनांची बेरीज म्हणजे एक्सलचं वजन. टेकण्याच्या जागा दोन्ही वेळा त्याच हव्यात आणि एक्सल आडवा समपातळीत हवा. दोन्ही टोकांची वाचनं सारखी येतील अशी अपेक्षा ठेवू नका. पुढच्या चालत्या एक्सलचा डिफरेन्शियलचा गोळा बहुधा मधोमध नसतो. उलट दोन आकड्यांमधला हा फरक जपून ठेवा. उचलताना साखळी कुठे लावायची ते त्यावरूनच ठरतं. एका टोकाला 250 आणि दुसऱ्याला 150 आले तर वजनाचा मध्य जड टोकाकडे, टेकण्यांमधल्या अंतराच्या तीन-अष्टमांशावर.

प्रश्न : ट्रान्सफर केससारख्या वेड्यावाकड्या भागाचं काय? टेप लावायला जागाच नाही.

रिकाम्या घराचं वजन हवं असेल तर पाण्यात बुडवा. 200 लिटरच्या साध्या पिंपाचा आतला व्यास सुमारे 57 सेंमी, म्हणजे पाणी एक सेंमी चढलं की अडीच लिटरहून थोडी जास्त जागा त्या भागाने घेतली. बिडाचा असेल तर दर सेंमीला साडेअठरा किलो, पोलादाचा असेल तर वीस. पिंपाच्या बाजूला पारदर्शक नळी लावून पातळी बाहेरून वाचा, काठावरून डोकावून वाचू नका. आत हवा अडकली तर आकडा फुगतो, म्हणून भाग तिरपा करून बुडबुडे थांबेपर्यंत हलवा.

जोडलेली, गिअर-बेअरिंगसकट असलेली केस पाण्यात घालायची नाही. तिथे काटाच.

प्रश्न : हायड्रॉलिक जॅकला दाबाचं मीटर लावून वजन काढता येतं असं ऐकलं. भरवसा ठेवावा का?

दहा टक्क्यांच्या आत-बाहेर ठेवा. दाब गुणिले पिस्टनचं क्षेत्रफळ, एवढंच. पिस्टनचा व्यास 50 मिमी असेल तर क्षेत्रफळ 19.6 चौरस सेंमी, आणि मीटर 40 बार दाखवत असेल तर भार सुमारे 800 किलो. पिस्टन म्हणजे आतला, तेल ज्यावर दाबतं तो. बाहेर दिसणारा दांडा बारीक असू शकतो. सीलच्या घर्षणामुळे चढताना आकडा जास्त येतो आणि उतरताना कमी. दोन्ही वाचा आणि मधला घ्या. ट्रकचं एक चाक उचलून मोजत असाल तर उरलेली चाकं त्याच पातळीत राहतील एवढंच, जेमतेम कागद सरकेल इतकं उचला.

प्रश्न : माझी घडीची इंजिन क्रेन 2 टनांची आहे, साखळी 1 टनाची. इंजिन 750 किलो धरलं आहे. निर्धास्त राहू?

नाही. क्रेनवरचे 2 टन हात पूर्ण आत घेतल्यावरचे. बहुतेक अशा क्रेनच्या हातावर भोकांपाशी वेगवेगळे आकडे असतात आणि शेवटच्या भोकाशी बहुधा अर्धा टनच लिहिलेला असतो. लष्करी ट्रकचं नाक लांब आणि बंपर पुढे आलेला, त्यामुळे हात बाहेर काढावाच लागतो. बंपर, रेडिएटर आणि ग्रिल आधी काढा, क्रेन जितकी आत जाईल तितकी आत घ्या, मग हात कुठल्या भोकाशी थांबतो ते पाहा आणि तिथला आकडा वाचा. पुढे विंच असेल तर तीही उतरवा. तिच्यावरचा 13 मिमीचा 60 मीटर तारदोरच छत्तीस-सदतीस किलोंचा असतो, ड्रम आणि गिअरचं घर वेगळं.

साखळीचं असं. 1 टनाची एकच साखळी इंजिनावरून घेऊन तिची दोन टोकं दोन बाजूंना बांधणार असाल तर कोन पाहा. प्रत्येक पाय जमिनीशी 60 अंशांत असेल तर त्यावर भाराचा 0.58 वाटा येतो, 45 ला 0.71, आणि 30 अंशांना प्रत्येक पायावर पूर्ण 750. साखळी आखूड पडली म्हणून लोक ती पसरट बांधतात आणि नेमका हाच कोन तयार होतो. साखळीवर क्षमतेचा बिल्ला नसेल तर ती गेट बांधायला ठेवा. उचलायला बिल्ला असलेली, दोन पायांची, लांब साखळी घ्या, आणि इंजिनाच्या मूळ उचलण्याच्या कड्यांनाच लावा. मॅनिफोल्डच्या बोल्टांना नाही.